पाच अक्षरं गळालेला जंतू

माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांच्या मांडीत स्टीलचा रॉड होता. तो काढायचा की राहू द्यायचा, एवढं एकच ठरवायला मी या जानेवारीत नाशिकहून सोलापूरला गेलो. तीन दिवसांची रजा टाकली होती, अकरा दिवस लागले. चादरी आणि शेंगाचटणी यांपलीकडे सोलापूर माहीत नसलेल्यांसाठी, आणि ज्यांच्या घरात अशी न भरणारी जखम आहे त्यांच्यासाठी, पाहिलं-ऐकलं ते लिहून ठेवतो आहे. वैद्यकीय गोष्टींत चूक असेल तर ती माझ्या समजण्याची, सांगणाऱ्यांची नव्हे.

वाटेवर

पुण्यापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. भिगवणच्या आसपास रूळ उजनीच्या पाण्याजवळून जातात. काठावर पंपांची रांग होती. एका दमात मी एकतीस मोजले, मग झाडी आली. पाण्यात दूरवर रोहित पक्षी उभे होते, आणि अलीकडे दोन माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होती. पुढे ऊस संपला आणि काळ्या जमिनीवर नुसती ज्वारी सुरू झाली. आमच्याकडे डोळ्यासमोर कुठे ना कुठे डोंगर असतो. इथे नजर अडवायला काही नाही, त्यामुळे सुरुवातीला जरा उघड्यावर आल्यासारखं वाटतं.

बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. तिचं घर अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे आहे. दाजी, म्हणजे तिचे यजमान, एका यंत्रमाग कारखान्यात चादरींच्या नक्षीचे पुठ्ठे पाडतात. दोन वर्षांपूर्वी सायकलवरून कामाला जाताना टेम्पोचा धक्का लागून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. रॉड बसवला, हाड जुळलं. पण नऊ महिन्यांनी गुडघ्याच्या वर एक बारीक भोक पडलं आणि त्यातून पू येऊ लागला. गोळ्या घेतल्या की सुकायचं, काही आठवड्यांनी पुन्हा गळायचं. हाडाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हाड जुळलंय, आता रॉड काढू, आतून साफ करू. उशीर केला तर हाड कुजत जाईल आणि मग पाय वाचेलच असं सांगता येणार नाही. दाजी तयार नव्हते. आक्काचा फोन आला होता, "तू ये बाबा. ह्ये कुनाचं आयकत न्हाईत, तुझं आयकत्यात."

दारात खुर्चीवर पाय लांब करून बसलेल्या दाजींनी माझी बॅग पाहिली.

"या पावणं. आक्कानं पंच बोलावला म्हनायचा."

"पंच कसला दाजी, हुरडा खायला आलोय."

"हुरडा शेतात असतुय. हितं कारखान्याचा धूर हाय. तो खावा."

पाण्याचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून चूक झाली. मी नेहमीसारखी आंघोळ केली, अडीच बादल्या. बाहेर आलो तर आक्का न्हाणीतल्या पिंपात वाकून बघत होती. दाजी म्हणाले,

"पावणं, नाशकात गंगा घरातनं वाहती व्हय?"

त्यांच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. मधले चार दिवस दोनशे लिटरच्या तीन पिंपांवर काढायचे. मी एकट्याने त्या चार दिवसांच्या हिशोबातले पन्नास लिटर उडवले होते. पुढचे दोन दिवस मी एका तांब्यात हात-तोंड आणि अर्ध्या बादलीत अंग, असं भागवलं. जमतं. आपण घरी किती सांडतो ते कळलं.

पाणी यायच्या दिवशी आक्काने तळातलं पाणी भांड्यांना वापरून पिंपं उपडी केली आणि काथ्या घेऊन आतून घासायला बसली. मी म्हणालो, पाण्यात टाकायचं औषध तर तू टाकतेस, मग घासतेस कशाला?

"बोट लाव आत."

लावलं. पिंप दिसायला निळं, स्वच्छ होतं. बोटाला मात्र बुळबुळीत लागलं.

"ही चिकटी. औषीद पान्याला हुतंय, हिला काय हुत न्हाय. वरनं कितीबी वत. मागं मी दोन महिनं घासलंच न्हाय, घुटभर पानी वाया जाईल म्हनून. औषीद दुप्पट टाकलं. पान्याला वास मारायचा ती मारायचाच."

दुपारी जेवायला कडक भाकरी होती. ही भाकरी पापडासारखी मोडते आणि दोन-तीन महिने टिकते. दह्यात शेंगाचटणी कालवून तिच्याबरोबर खायची. आमच्याकडे शिळी भाकरी म्हणजे कमीपणा, इथे वाळवलेली भाकरी पाहुण्याला कौतुकाने वाढतात. मी तीन खाल्ल्या.

कारखान्यात

रॉडचा विषय काढला की दाजी चहा मागवायचे. शेवटी मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेलो. चोवीस माग एका छपराखाली चालू होते. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. कडेच्या खोलीत मात्र दार लावलं की बरी शांतता असते. तिथे दाजी एका खोक्यावर पाय लांब करून बसतात आणि आलेखाच्या कागदावरची नक्षी पाहून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. हे पुठ्ठे एकमेकांना दोऱ्याने ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. चादरीवरचा मोर हा असा मुळात भोकांचा असतो.

हातातल्या नक्षीला बाराशे पुठ्ठे होते, प्रत्येकावर चारशे जागा. म्हणजे चार लाख ऐंशी हजार वेळा भोक पाडायचं की नाही हे ठरवायचं.

"चुकत नाही?"

"चुकतंय की. एक भोक चुकलं की मोराच्या डोळ्यात कुसळ. आन ती एकदा न्हाय, दर चादरीला. माळ फिरती तवर त्येच."

"मग?"

"सापडलं तर वरनं कागदाची चकती डकवायची. बुजलं भोक."

दाजींच्या पुठ्ठ्यांवरचा माग चालवणारे नरसप्पा चहा घेऊन आत आले. घरी तेलुगू बोलतात, मराठी त्यांच्या पद्धतीने. दाजींना ते मास्तर म्हणतात. मी पायाचा विषय काढला तसे तेच बोलले.

"मास्तर तीन महिना घरी बसला की शेठ कॉम्प्युटरचा माग आणतोय. पुस्तक आलंय त्याचं, टेबलावरच असतंय. मग पुठ्ठा नको, मास्तर नको."

दाजींनी पुठ्ठ्यावर फुंकर मारून भुसा उडवला. आक्काला हे कारण माहीत नव्हतं. मलाही तोवर वाटत होतं की ते शस्त्रक्रियेला घाबरतात.

परतताना मी विचारलं, गोळ्या तरी पुऱ्या घेता का?

"गळाया लागलं की घेतो, सुकलं की बंद. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, सोडून द्यायचा. धागा चांगला चालू आसताना कोन गाठी मारत बसतंय?"

भिंतीवरची दोन कॅलेंडरं

आक्काच्या स्वयंपाकघरात नव्या वर्षाचं कॅलेंडर जुन्याच्याच खिळ्यावर, जुन्याच्या वर लटकवतात. गॅस, दूध, पाणी यांच्या खुणा त्यावर असतात. मागची दोन पाहिली तर जखमेच्याही निघाल्या. गळलं त्या दिवशी लाल टिंब, गोळी घेतली त्या दिवशी बरोबरची खूण. आक्का चौथी शिकली आहे. मी बत्तीस वर्षं एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मालाच्या नोंदी ठेवतो, पण याहून स्वच्छ नोंद फार कमी पाहिली आहे.

मी ती कागदावर उतरवली. गोळ्यांचे फेरे पाच. पहिला सहा आठवड्यांचा, म्हणजे बेचाळीस दिवसांचा दिलेला होता, त्यातले घेतले सतरा. पुढच्या फेऱ्यांत नऊ, आठ, सहा, सहा. प्रत्येक फेऱ्यानंतर जखम कोरडी राहिलेले दिवस एकाहत्तर, अठ्ठेचाळीस, तेहेतीस, एकोणीस, अकरा. दर वेळी कमी. इतकं सरळ उतरणारं काही मी स्टोअरमध्ये पाहिलं असतं तर त्याच दिवशी गोदामाला कुलूप लावलं असतं.

मग पहिल्या फेऱ्याची शेवटची खूण कुठे आहे ते पाहिलं. ती भाऊबीजेच्या चौकटीत होती.

त्या भाऊबीजेला मला सोलापूरला जाता आलं नव्हतं. सकाळी आक्काला फोन केला होता. नंतर फोन दाजींनी घेतला आणि विचारलं, जखम सुकलीय, गोळ्यांनी पोटात जळजळतंय, अजून घेऊ का? मी म्हणालो होतो, सुकलंय ना, मग बंद करा, त्या गोळ्या जास्त घेणं वाईट. जास्त प्रतिजैविकं वाईट असतात हे कुठेतरी वाचलं होतं. कोणत्या आजाराला किती म्हणजे जास्त, हे वाचलं नव्हतं.

कागदाची घडी करून मी खिशात ठेवली. त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही.

काचेच्या दोन ताटल्या

हाडाच्या डॉक्टरांनी दाजींना एकदा जंतुतपासणी करणाऱ्या मॅडमना भेटायला सांगितलं होतं. तिघं गेलो. मॅडम अक्कलकोटकडच्या, आक्काच्या वयाच्या. टेबलावर त्यांनी झाकणाच्या दोन छोट्या ताटल्या ठेवल्या. दोन्हींच्या तळाला घट्ट लाल खळ होती.

"हा तर कापडाचा रंग," दाजी म्हणाले.

"बरोबर ओळखलंत की. सुती कापडाला वापरायचे पूर्वी. आम्ही त्यात जंतू वाढवतो. ही डावी तुमच्या पहिल्या पुवातली. नमुना आम्ही गोठवून ठेवला होता. ही उजवी गेल्या महिन्यातली."

डाव्या ताटलीत लाल, गुळगुळीत ठिपके होते. उजवीत काळे आणि खरखरीत, डांबर वाळल्यासारखे.

"दोन जातीचे हायत," आक्का म्हणाली.

"एकाच जातीचे. त्याच घराण्यातले. जो चिकट गोंद बनवतो तो या रंगावर काळा पडतो. हे जंतू धातूवर बसतात, भोवती गोंद सोडतात आणि त्या थरात राहतात. गोळीचं औषध रक्तातून पोचतं, पण थरात बसलेले बहुतेक त्यातूनही टिकतात. वरचे सुटे मरतात, जखम सुकते, आपल्याला वाटतं संपलं."

"पिंपाची चिकटी," आक्का म्हणाली.

मॅडमनी मान डोलावली. "अगदी तीच. नळाच्या पाईपात, पिंपात, दातावर, सगळीकडे तीच."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. दोन्ही नमुने त्यांनी पुण्याला पाठवून जंतूंची जनुकं वाचून घेतली होती. या जंतूचा सगळा मजकूर सुमारे अठ्ठावीस लाख अक्षरांचा असतो. गोंद बनवायच्या हुकमाच्या आधी एक जागा असते, तिथे आवर घालणारा एक पदार्थ येऊन बसतो आणि गोंद गरजेपुरताच बनतो. उजव्या ताटलीतल्या जंतूंत त्या जागेतली पाच अक्षरं गळालेली होती. आवर घालणाऱ्याला नीट बसायला जागाच उरली नव्हती. गोंद बनतच राहतो.

मी मनात गुणाकार केला. चार लाख ऐंशी हजार गुणिले सहा, म्हणजे अठ्ठावीस लाख ऐंशी हजार. सहा चादरींचे पुठ्ठे, आणि त्यांत पाच भोकं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा दाजी पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले.

"मॅडम, आमचं भोक चुकलं तर कापड बिघडतंय. ह्येचं चुकलं तर ह्यो सुधारला कसा?"

"सुधारला नाही. त्याच्याही बहुतेक चुका त्याला बाधतातच, तसे जंतू मरून जातात. नक्कल करताना लाखो जंतूंत कुठे ना कुठे चूक होतच असते, मुद्दाम कुणी करत नाही. एखाद्यात ही अशी होते. एरवी तो मागेच पडला असता, कारण सारखा गोंद बनवणं त्यालाही जड जातं. पण गोळ्या सुरू, बंद, सुरू, बंद असं झालं की सुटे मरतात, गोंदातले उरतात. पुन्हा वाढतात ते उरलेलेच. पहिला फेरा मध्येच कुणी थांबवला?"

"मीच," दाजी म्हणाले. "गाठ बसली म्हनून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला.

"मी सांगितलं होतं बंद करायला," मी म्हणालो. "भाऊबीजेला, फोनवर. सतराव्या दिवशी."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मॅडमनी कागद वाचला, आकड्यांवरून बोट फिरवलं. मी विचारलं, बेचाळीस दिवस पुरे झाले असते तर हे टळलं असतं का? माझ्यामुळे किती झालं?

"हे मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "एका माणसाचे दोन नमुने आहेत माझ्याकडे. रॉड आत असताना बेचाळीस दिवसांनीसुद्धा कदाचित आलंच असतं परत. कदाचित उशिरा आलं असतं. तुम्हाला आकडा पाहिजे, पण तसा आकडा नाही. तुम्ही असं सांगायला नको होतं, एवढंच सांगू शकते."

मला आकडा मिळाला असता तर बरं झालं असतं. मोठा असता तरी. तो मांडून ठेवता आला असता.

दाजी उजव्या ताटलीकडे बघत होते. "हितं चकती डकवून भागायचं न्हाय म्हना."

"नाही."

"माळच उतरवावी लागतीया."

"रॉड काढायचा, हाडातली पोकळी घासून धुवायची, मग सहा आठवडे औषध. पहिले दोन आठवडे शिरेतून, मग गोळ्या. सुकलं तरी. एकही दिवस कमी नाही."

बाहेर रिक्षाची वाट बघताना आक्का मला म्हणाली, "मी तुझं नाव घ्यून ह्येंच्या मागं लागलीवती. भाऊ सांगतूय ती बरुबर आसंल म्हनून." एवढंच. रिक्षा आली तशी ती आधी आत चढली. दाजी मात्र माझ्यावर वैतागले होते.

"कशाला बोलायचं, पावणं? माझ्या खात्यावर घेतलंवतं की मी. तुमी हितनं जानार. मला हिच्या हातचं खायाचंय."

"म्हणूनच बोललो. खोटं बोलून खाल्लेली भाकरी पचली नसती तुम्हाला."

"कडक भाकरी मला तशीबी पचत न्हाय."

आक्का पुढे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलले. हसली असावी.

शेवटचे दिवस

दुसऱ्या दिवशी दाजींनी मला कारखान्यात बरोबर नेलं आणि शेठच्या टेबलासमोर उभे राहून सांगितलं की तीन महिने येणार नाही. कॉम्प्युटरच्या मागाचं ते पुस्तक तिथेच होतं. शेठ म्हणाले, बघू. दाजी म्हणाले, बघा. बाहेर आल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेल्या नक्षीचे सातशे चाळीस पुठ्ठे क्रमाने ओवून नरसप्पांच्या ताब्यात दिले. उरलेल्या चारशे साठांसाठी आलेखाचा कागद त्यांच्या हाती ठेवून कोणती ओळ कुठे वाचायची ते दोनदा सांगितलं. नरसप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं. मागाच्या आवाजात दाजी काय म्हणाले मला कळलं नाही. दोघेही हसत नव्हते.

आठव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. अडीच तास. नंतर हाडाच्या डॉक्टरांनी ट्रेमध्ये ठेवलेला रॉड दाखवला. छत्तीस सेंटिमीटर. मला वाटलं होतं काहीतरी किळसवाणं दिसेल. तो चकचकीत होता, नव्यासारखा. खालच्या टोकाला, स्क्रूच्या भोकाजवळ काच ओल्या हाताने पुसल्यावर दिसतो तेवढा एक मंद पट्टा होता. डॉक्टर म्हणाले, हाच तो थर. पंधरा महिने एक घर त्याभोवती फिरलं होतं.

अकराव्या दिवशी मी निघालो. आक्काने शेंगाचटणीचा डबा, दोन डझन कडक भाकऱ्या दिल्या आणि नव्या कॅलेंडरवर शस्त्रक्रियेच्या दिवसापासून बेचाळीस चौकटी पेन्सिलने आखून घेतल्याचं दाखवलं. "ह्या खुना आता मी करनार. तू फोनवर दुसरं काय सांगायचं ती सांग," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. पण आधीसारखी विचारतही नव्हती. ते योग्यच आहे असं मला गाडीत बसल्यावर वाटलं, आणि भिगवण येईपर्यंत तेच वाटत राहिलं.

शेठने नवा माग आणला. एकच, चोविसांतल्या एकाच्या जागी. तेवीस अजून पुठ्ठ्यांवर चालतात. दाजींना परत बोलावतील की नाही ते हे लिहीपर्यंत कळलेलं नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या सव्विसाव्या दिवशी दाजींचा फोन आला. घरचं विचारून झालं, द्राक्षांचे भाव विचारून झाले.

"पावणं, झ्याक सुकलीया. नुसता जखमेचा वन उरलाय. गोळ्यांनी तोंड कडू पडतंय, पोटात जळतंय. मॅडम म्हनत्यात अजून सोळा दिवस. तुमी काय म्हनता?"

पलीकडे आक्काचा आवाज येत नव्हता. फोन दोघांच्या मध्ये धरला असणार.

मी म्हणालो, "सोळा."